आधी ओंजळ, मग गोंदण

मार्च महिन्याच्या १९-२० तारखेला महाड शहर निळे होऊन जाते. मुंबई-पुण्याच्या गाड्या येतात. पोलादपूर, माणगाव, मंडणगड, खेड भागातली माणसे एस.टी.ने, टेम्पोने येतात. क्रांतिस्तंभावर वंदना होते, चवदार तळ्यावर रांगा लागतात. पुस्तके, कॅलेंडरे, मूर्ती, बिल्ले यांची दुकाने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मांडलेली असतात. आणि त्यांतच कुठेतरी ताडपत्रीच्या सावलीत गोंदणारा बसलेला दिसतो. त्याच्या मशीनची घरघर चालू असते आणि समोर बाही वर केलेल्या पोरांची रांग असते. कोणाला 'जय भीम' हवे असते, कोणाला अशोकचक्र, कोणाला छातीवर बाबासाहेबांचा चेहरा. ६ डिसेंबरला मुंबईत शिवाजी पार्कवर आणि धम्मचक्र प्रवर्तनदिनी नागपूरला दीक्षाभूमीवर हेच दृश्य असते.

आम्ही गोंदणाच्या विरुद्ध नाही. ज्याला जन्मभर आपल्या हातावर बाबासाहेबांचे नाव असावे असे वाटते, त्याला आम्ही नको म्हणणार नाही. पण त्या रांगेजवळ उभे राहून आम्ही पाहिले आहे की, गोंदवून उठलेल्या माणसाला पुढचे तीन आठवडे काय करायचे हे कोणीच सांगत नाही. पैसे दिले, हात पुसला, पुढचा बसला. घरी गेल्यावर आईला माहीत नाही, बायकोला माहीत नाही. म्हणून हे लिहीत आहोत.

एका हाताची गोष्ट

आमच्या नात्यातल्या एका मुलाची हकीकत सांगतो. पोलादपूर तालुक्यातल्या वरच्या अंगाच्या एका वाडीत घर, वय वीस, महाडच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे रोजंदारीवर काम. पहाटे उठून भरतीसाठी धावण्याचा सराव करायचा. एका २० मार्चला दुपारी त्याने एका पालावर उजव्या हाताच्या आतल्या बाजूला 'जय भीम' गोंदवून घेतले. हात अजून चुरचुरत होता. तसाच तो मित्रांबरोबर तळ्यावर गेला आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घालून त्याने ओंजळ घेतली. मग संध्याकाळपर्यंत उन्हात फिरला आणि रात्री टेम्पोच्या मागे उभा राहून धूळ खात घरी आला.

"आये, हात ठणकतोय गं," तो म्हणाला.

"काय नाय होत. हळद लावते. माझ्या गोंदणाला आजीनं तीच लावली होती."

चुलीजवळच्या डब्यातली हळद खोबरेल तेलात कालवून लावली, वर जुन्या लुगड्याची चिंधी बांधली. तिसऱ्या दिवशी तो कामावर गेला. दिवसभर रबरी हातमोजा, आत घाम. चौथ्या दिवशी खाज सुटली तशी खपली नखाने काढली. सहाव्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला, ताप भरला, काखेत गाठ आली. मग दवाखाना, इंजेक्शने, गोळ्या. अकरा दिवस काम बुडाले. रोजंदारीवरच्या माणसाला आजारपणाची रजा कुठली? अकरा दिवसांचा पगार गेला तो गेलाच.

हात बरा झाला. पण जिथे पू झाला होता तिथली शाई निघून गेली. आज त्याच्या हातावर 'जय' स्पष्ट आहे आणि पुढच्या शब्दात भ ची वेलांटीच नाही. मुलगा पुढे कितीतरी महिने पूर्ण बाहीचा शर्ट घालत होता.

त्याच्या आईला आम्ही दोष देत नाही. तिने जे पाहिले होते ते केले. दोष असेल तर आपल्यासारख्या चार बुके वाचलेल्यांचा आहे. आपण त्या दिवशी बाबासाहेबांवर भाषणे ऐकवतो, पण पालाबाहेर पडणाऱ्या पोराला दोन शब्द सांगत नाही.

अंगावरच्या खुणा

गोंदण आपल्याकडे नवे नाही. आपल्या आज्यांच्या कपाळावर, हनुवटीवर, मनगटावर हिरवे ठिपके होते. गावात गोंदणारी बाई यायची, काजळीत बुडवलेल्या सुया टोचायची आणि पोरगी रडली तर चौघी मिळून धरून ठेवायच्या. मेल्यावर बरोबर येणारा हा एकच दागिना, असे म्हातारी माणसे सांगत.

याच महाडला डिसेंबर १९२७ च्या परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले होते की, ज्या पेहरावावरून आणि ज्या जाड दागिन्यांवरून तुमची अस्पृश्य म्हणून ओळख पटते ती खूण टाकून द्या. आपल्या आज्यांनी लुगडे नेसायची पद्धत बदलली, गळ्यातले-हातातले उतरवले. लुगडे बदलता येते, पाटल्या उतरवता येतात, गोंदण मात्र उतरत नाही. लेझरने काढता येते हे खरे, पण त्याला पुष्कळ खेपा लागतात, खर्च मोठा आणि डाग राहण्याची भीती. आपल्या खिशाला ते झेपणारे नाही.

आजचा मुलगा जी खूण हातावर घेतो ती दुसऱ्या कोणी त्याच्यावर लादलेली नाही, त्याने आपल्या मनाने निवडली आहे. म्हणूनच ती नीट, शुद्ध आणि वाचता येईल अशी राहिली पाहिजे.

ताजे गोंदण ही जखम आहे

ही एक गोष्ट पक्की समजली की बाकी सारे आपोआप कळते. गोंदताना सुई कातडीत एक ते दोन मिलिमीटर खोल जाते, तीही हजारो वेळा. वरचा थर रोज झिजतो, म्हणून शाई त्याच्या खालच्या थरात सोडावी लागते. म्हणजे त्या जागी बारीक बारीक हजारो भोके पडलेली असतात. गुडघा खरचटल्यावर जशी काळजी घेतो तशीच, किंबहुना जास्त, इथे घ्यायला हवी. वरची कातडी भरून यायला दोन ते चार आठवडे लागतात. आतून पूर्ण बरे व्हायला दोन-तीन महिने जातात.

बसण्याआधी पाहा

निम्मी काळजी गोंदवण्याआधीच घ्यायची असते. सुई नवीन, पाकीटबंद आणि आपल्यासमोर फोडलेली असावी. पण नुसती सुई नवीन असून भागत नाही. गोंदणारा एकाच शाईच्या डबीत सगळ्यांच्या सुया बुडवत असेल तर मागच्या माणसाचे रक्त त्या शाईत असते. प्रत्येकासाठी लहान टोपणात वेगळी शाई काढायला सांगा. हातात नवे मोजे घालायला सांगा. सगळ्यांचे हात एकाच फडक्याने पुसत असेल तर उठून या. रागावला तर रागावू द्या.

हे उगाच सांगत नाही. रक्तातून पसरणारी 'ब' आणि 'क' प्रकारची कावीळ आणि एच.आय.व्ही. दूषित सुईतून येऊ शकतात. 'ब' काविळीचा विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस जिवंत राहतो. सुई वरून कोरडी, स्वच्छ दिसली म्हणून ती सुरक्षित नसते. 'ब' काविळीची लस आहे, मोठ्या माणसाला तिचे तीन डोस सहा महिन्यांत घ्यावे लागतात. धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले होते हेही आठवून पाहा आणि डॉक्टरांना विचारून घ्या. ज्यांनी आधीच अशा सुईने गोंदवून घेतले आहे आणि मनात शंका आहे, त्यांनी लाज न धरता सरकारी रुग्णालयात रक्त तपासून घ्यावे. शंका त्याच दिवशी आली तर त्याच दिवशी जावे. एच.आय.व्ही.वरचे प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू करावे लागते.

आणखी काही गोष्टी. मधुमेह असेल तर जखम लवकर भरत नाही, आधी डॉक्टरांना विचारा. गरोदर बाईने गोंदवू नये. कान टोचल्यावर किंवा ऑपरेशननंतर ज्याच्या अंगावर जाड, चकाकणारी गाठ उठते, त्याने गोंदवण्याचा नाद सोडावा. तशी गाठ छातीवर आणि खांद्यावर जास्त येते आणि नेमका तिथेच आपली मुले बाबासाहेबांचा चेहरा काढून घेतात. गाठ उठली तर चेहरा विद्रूप होतो, आणि ते कोणालाच बघवत नाही. लहान मुलांना तर रांगेत उभेच करू नका. अठरा वर्षांचा होऊ द्या, मग त्याचे तो ठरवील.

तळ्याचे पाणी

आता तळ्याविषयी. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी हातात घेतले, त्यासाठी आपल्या माणसांनी डोकी फोडून घेतली, आणि कोर्टकज्जे होऊन १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. त्या पाण्याला हात लावल्याशिवाय महाडहून परतावेसे वाटत नाही, हे आम्ही जाणतो. आमचेही तेच होते.

पण साचलेल्या पाण्यात, मग ते कोणतेही असो, उघडी जखम बुडवायची नसते. हजारो माणसांचे हात लागलेल्या पाण्यात जंतू असणारच. म्हणून आमचे सांगणे एवढेच, की क्रम बदला. आधी तळ्यावर जा, ओंजळ घ्या, वंदना करा, आणि मग गोंदवायला बसा. गोंदवून झाले असेल तर दुसऱ्या हाताने पाणी घ्या. तीन आठवडे तळे, नदी, विहीर, ओढा यांत पोहणे बंद. सवच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर कातडीच्या तक्रारी घेऊन लोक आंघोळीला जातात. ताजे गोंदण घेऊन तिथेही जाऊ नका.

दिवसामागून दिवस

पहिला दिवस : गोंदणारा वर प्लॅस्टिक गुंडाळून देतो. ते दोन-चार तासांनी काढून टाका आणि पुन्हा वापरू नका. प्रवास लांबचा असेल तर मेडिकलमधून घेतलेली जंतुरहित पट्टी सैल बांधा, धूळ लागू देऊ नका. घरी आल्यावर आधी आपले हात साबणाने धुवा. मग उकळून कोमट केलेल्या पाण्याने आणि साध्या, वास नसलेल्या साबणाने गोंदण हलक्या हाताने धुवा. उन्हाळ्यात पोलादपूरच्या वाड्यांवर पाण्याचे हाल असतात, टँकरची वाट बघावी लागते, हे आम्हांला माहीत आहे. पण एका वेळेला एक तांब्या पाणी पुरते. ते मात्र उकळलेलेच हवे. धुतल्यावर स्वच्छ सुती फडक्याने टिपून घ्या, घासू नका. फडके रोज धुऊन उन्हात वाळवलेले असावे आणि घरातल्या दुसऱ्या कोणी वापरू नये.

दुसरा ते चौथा दिवस : जागा लाल राहते, थोडी सुजते, पाण्यासारखा द्रव आणि शाई बाहेर येते. घाबरू नका, हे व्हायचेच. सकाळ-संध्याकाळ वरीलप्रमाणे धुवा आणि साध्या व्हॅसलिनचा अगदी पातळ हात फिरवा. थापायचे नाही. हवा लागली पाहिजे.

पाचवा ते पंधरावा दिवस : पातळ खपली धरते, रंगीत कोंडा सुटतो, खाज येते. खरी परीक्षा इथे असते. खपली ओढली तर तिच्याबरोबर शाईही निघते आणि अक्षर तुटते. आमच्या त्या मुलाचे हेच झाले. खाज आली तर वरून तळहाताने हलके थोपटा. रात्री झोपेत खाजवतो असे वाटले तर नखे कापून टाका. या दिवसांत गोंदण धुरकट दिसते, बिघडले की काय असे वाटते. कोंडा पडून गेला की रंग पुन्हा उघडतो.

पुढे : ऊन टाळा. मार्च-एप्रिलचे महाडचे ऊन आपल्याला ठाऊक आहे. सैल, पूर्ण बाहीचा सुती सदरा घाला. जखम भरल्यावरसुद्धा रोजच्या कडक उन्हाने रंग विटतो.

डब्यातली हळद, दुकानातली ट्यूब

हळद, राख, चुना, काजळ, टूथपेस्ट, पावडर यांतले काहीही ताज्या गोंदणावर लावू नका. हळद गुणाची आहे यात वाद नाही. पण डब्यातल्या हळदीत रोज ओला-कोरडा हात जातो, ती जंतुरहित नसते आणि तिचे कण जखमेत अडकून बसतात. तेलही पहिले काही दिवस नको.

दुसरे संकट मेडिकलच्या ट्यूबचे. खाज, गजकर्ण, काळे डाग या सगळ्यांवर एकच म्हणून जी मलमे आपल्याकडे सर्रास वापरली जातात, त्यांतल्या पुष्कळांत स्टेरॉइड असते. त्याने लाली आणि खाज दबते, माणसाला बरे वाटते, पण आतला जंतू वाढत राहतो. शेजारच्याने दिलेली अर्धी ट्यूब लावू नका. डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय व्हॅसलिनपलीकडे काही नको.

काम तर चुकत नाही

आपल्या माणसाला तीन आठवडे घरी बसून चालत नाही. म्हणून कामाचा विचार करूनच दिवस निवडा. कारखान्यात रसायनाशी संबंध येत असेल तर हाताच्या ज्या भागावर हातमोजा येतो तिथे गोंदवू नका. ज्याच्या खांद्यावर गोणी असते त्याने खांद्यावर नको. कामावर असताना सैल पट्टी बांधा, सुटी झाल्यावर ती काढा आणि धुवा. घामेजलेली पट्टी रात्रभर ठेवू नका.

शेतावर जाणाऱ्यांनी तर पावसाच्या तोंडावर गोंदवूच नये. जुलैत लावणी सुरू झाली की दिवसभर चिखलात हात-पाय असतात. उंदीर आणि गुरे यांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू त्या पाण्यात उतरतात आणि फाटलेल्या कातडीतून अंगात शिरतात. जुलै २०२१ च्या पुरात महाड शहर पाण्याखाली गेले तेव्हा लोक छातीइतक्या पाण्यातून चालले. तशी वेळ आली तर ताजे गोंदण म्हणजे रोगाला उघडे दार. आमच्या मते दिवाळीनंतरचे थंडीचे दिवस सर्वांत चांगले. घाम कमी, ऊन कमी, चिखल नाही. गोंदण २० मार्चलाच झाले पाहिजे असा काही नियम नाही.

दवाखाना कधी गाठावा

तीन दिवसांनंतर लाली आणि सूज कमी होण्याऐवजी पसरू लागली, पिवळा-हिरवा पू किंवा घाण वास येऊ लागला, ताप आला, काखेत किंवा जांघेत गाठ आली, गोंदणापासून वर चढणारी लाल रेघ दिसली, तर त्याच दिवशी निघा. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीवरून एस.टी. दिवसातून एक-दोनदाच मिळते, म्हणून उद्यावर टाकू नका. महाड आणि पोलादपूरला सरकारी रुग्णालय आहे. कित्येक आठवड्यांनी नुसता लाल रंग भरलेला भागच उठून खाजू लागला तर ती शाईची ॲलर्जी असू शकते. तेव्हाही डॉक्टरांनाच दाखवा.

रक्तदान आणि भरती

१४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला आपल्या वस्त्यांत रक्तदान शिबिरे होतात. बाबासाहेबांना वाहिलेली ही उत्तम आदरांजली आहे. पण २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गोंदवल्यापासून १२ महिने रक्त देता येत नाही. २० मार्चला गोंदवले तर त्या वर्षीचा १४ एप्रिलही गेला आणि ६ डिसेंबरही गेला. शिबिरात विचारतील तेव्हा खरे सांगा. लपवून दिलेले रक्त कोणाच्या तरी लेकराच्या अंगात जाणार आहे. ज्याला दोन्ही करायचे आहे त्याने आधी रक्त द्यावे आणि मग गोंदवावे.

दुसरी गोष्ट भरतीची. हा मुलूख फौजेतल्या माणसांचा आहे. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर लष्करातूनच निवृत्त झाले होते. आजही आपली मुले भरतीसाठी धावतात. सैन्यभरतीत कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला किंवा पंजाच्या मागच्या बाजूला असलेले गोंदण चालते, दुसरीकडचे चालत नाही. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रूढीनुसार सवलत आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या भरतीत नियम आणखी कडक आहे. गोंदण हातावर असेल तर डाव्याच हातावर, आतल्या बाजूला हवे, कारण सलाम उजव्या हाताने करतात. पंजाच्या मागे चालते. आकार मात्र त्या भागाच्या पाव हिश्शाहून लहान हवा. म्हणून ज्याला भरतीला उतरायचे आहे त्याने त्या वर्षीची जाहिरात वाचल्याशिवाय हात पुढे करू नये. आमच्या त्या मुलाने उजवा हात पुढे केला होता. हे त्याला नंतर कळले, तेव्हा वाईट वाटले ते आम्हांला जास्त वाटले.

परवा तो भेटला. बाही दुमडलेली होती. आम्ही विचारले, "आता ती वेलांटी भरून घेणार का?"

तो म्हणाला, "घेणार काका, पण थंडीत. आधी रक्त देणार आहे. आणि सुई आपल्यासमोर फोडायला सांगणार."

त्याची आई बाजूलाच उभी होती. म्हणाली, "या वक्ताला पानी मी उकळून ठेवनार. हळदीचा डबा वर ठेवनार फळीवर."

येत्या २० मार्चला महाडला जाणाऱ्या प्रत्येक घरात एवढे बोलणे झाले तरी आमचे हे लिहिणे कारणी लागले असे आम्ही समजू.